वेटलिस्ट लागली, आता ट्रान्स्फरच्या वाटेनं जावं का?

उद्यमनगरी | ११ एप्रिल, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

लेक यंदा बारावी सायन्सला. तिला कॉम्प्युटर सायन्स करायचंय आणि तेही अमेरिकेत. अर्ज, निबंध, सगळं तिनंच केलं. आम्ही दोघांनी फक्त सांगेल तिथं सह्या केल्या. मार्चअखेर निकाल आले. तिच्या मनातल्या विद्यापीठानं वेटलिस्टला टाकलंय. (नाव लिहीत नाही. खासगी आहे, फार गाजलेलं आहे, एवढं पुरे.) मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठानं प्रवेश दिलाय. थोडी स्कॉलरशिप आहे. ती वजा करून, राहणं-खाणं धरून वर्षाला ४२ हजार डॉलर. बाकी सगळीकडून नकार.

१ मेच्या आत तिथं डिपॉझिट भरायचं आणि घरात रोज नवा फाटा फुटतोय. लेक म्हणते, तिथं जाते आणि वर्षभरात गाजलेल्या ठिकाणी ट्रान्स्फर घेते. तिचा मामा म्हणतो, एक वर्ष इथंच कोल्हापुरात, केआयटी इंजिनिअरिंग कॉलेजला काढ, मग दुसऱ्या वर्षाला थेट तिकडं. एका कन्सल्टंटकडं जाऊन आलो, तर त्यानं 'पाथवे' नावाची फाईलच पुढ्यात ठेवली. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला दोन वर्षं, मग 'गॅरंटीनं' बर्कलीचं नामांकित विद्यापीठ. दोन वर्षं तिथं राहिलं की फीसुद्धा तिथल्या रहिवाशांचीच लागते म्हणे. नाहीतर कॅनडातल्या कॉलेजला घाला, सहा महिन्यांत मोठ्या विद्यापीठात उडी मारता येते म्हणे.

माझं उद्यमनगरात मशीन शॉप आहे. कर्ज धरून वर्षाला ३५ लाखांपर्यंत झेपेल, त्यापुढं ओढाताण. कागल तालुक्यात थोडी उसाची जमीन आहे. ज्यांनी हे स्वतः केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी लिहावं. 'आपलं कोल्हापूर काय वाईट' हेसुद्धा चालेल, पण कारण देऊन.

तांबडा_पांढरा | ११ एप्रिल, रात्री १०:१४

आधी अभिनंदन घ्या की! पोरीनं सगळे अर्ज स्वतः भरले म्हंजे नादच खुळा. आणि वेटलिस्ट म्हंजे आपल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं आरएसीच, बसायला तर मिळतंयच. मिरज गेलं की सीट मोकळी हुतीय. वाट बघा.

खडूफळा | ११ एप्रिल, रात्री ११:०३

तांबडा_पांढरा, आरएसीत अर्धा बर्थ आपला असतो, आणि वेटिंगला निदान नंबर कळतो. इथं बहुतेक ठिकाणी नंबरच नसतो. १ मेला किती जणांनी डिपॉझिट भरलं ते बघतात. मग ज्या विषयाला, ज्या भागातली मुलं कमी पडली तिथं वेटलिस्टमधून हवी तशी उचलतात. कधी शंभर उचलतात, कधी एकही नाही. मे-जूनमध्ये काय ते होतं, क्वचित जुलै उजाडतो.

उद्यमनगरी, त्यातही एक प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत. तिनं अर्जात आर्थिक मदत मागितली होती का? परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश ठरवणारी विद्यापीठं मोजकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि आणखी थोडी. बाकीच्या ठिकाणी मदत मागणारं पोर वेटलिस्टवर असेल तर दार आणखी अरुंद होतं, कारण तोवर मदतीचा पैसा वाटून झालेला असतो.

करायचं एवढंच. वेटलिस्टवर राहायला होकार कळवा आणि एक पत्र पाठवा. एक पानाच्या आत. अर्जानंतर नवं काय घडलं, बोर्डाची परीक्षा कशी गेली, कुठला प्रकल्प पुरा झाला, आणि प्रवेश दिलात तर नक्की येणार. हे शेवटचं खरं असेल तरच लिहावं. एका जागी डिपॉझिट भरून दुसरीकडच्या वेटलिस्टवर राहणं पूर्ण नियमात बसतं. दोन ठिकाणी डिपॉझिट भरणं नाही बसत. वेटलिस्टमधून नाव निघालं तर पहिलं डिपॉझिट बुडतं, ते धरूनच चला.

आणि जूनअखेर नाव आलं तर नवं आय-२० (विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो कागद), व्हिसाची तारीख, मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीची वारी, हे सगळं महिन्या-दीड महिन्यात. २०२५ साली मेअखेरपासून विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या तारखा देणंच काही आठवडे बंद होतं. त्या वेळी उशिरा प्रवेश मिळालेल्यांचे काय हाल झाले असतील ते तुम्हीच बघा.

उद्यमनगरी | १२ एप्रिल, सकाळी ७:२०

खडूफळा सर, मागितली होती. अर्धी. म्हणजे वेटलिस्ट जवळजवळ सोडूनच द्यायची तर. कॅलिफोर्नियाबद्दल कुणी सांगेल का? कन्सल्टंट त्यावरच फार भर देतोय.

बे_एरियाकर | १२ एप्रिल, सकाळी ९:४५

मी शाहूपुरीचा, आता बरीच वर्षं क्युपर्टिनोजवळ. डी अँझा कॉलेज माझ्या घरापासून जवळ आहे, तिथून यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली हा तिचाच एक कॅम्पस) गेलेली पोरं दरवर्षी बघतो. मार्ग खरा आहे, चांगलाही आहे. पण तुमच्या कन्सल्टंटनं तीन गोष्टी मिसळून एकच गोळी केलीय.

पहिली, 'गॅरंटी'. तिचं नाव टॅग, म्हणजे ट्रान्स्फर अ‍ॅडमिशन गॅरंटी. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये ठरलेले विषय, ठरलेले ग्रेड आणि ६० सेमिस्टर युनिट पुरे करायचे, ट्रान्स्फरच्या आदल्या वर्षी सप्टेंबरमध्ये (१ ते ३० सप्टेंबर, एक दिवस इकडं-तिकडं नाही) टॅगचा अर्ज भरायचा, वर यूसीचा नेहमीचा अर्जही भरायचा. परदेशी विद्यार्थ्यांनाही ते मिळतं. पण टॅग देणारे कॅम्पस सहाच: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. आणि टॅग त्यातल्या एकाच कॅम्पसला भरता येतं. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो यात नाहीत. 'गॅरंटीनं बर्कली' असं कुणी म्हणालं तर तिथंच फाईल मिटायची.

त्यातही तुमच्या लेकीला हवं कॉम्प्युटर सायन्स. सांता बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज टॅगमध्ये येतच नाही, अर्व्हाइनमध्ये कॉम्प्युटर सायन्स टॅगमधून वगळलेलं आहे. 'गणितात शिरू आणि आत जाऊन बदलू' हा देशी तोडगा बऱ्याच कॅम्पसवर चालत नाही. ज्या विषयांना गर्दी आहे त्यांची दारं आतून बदलणाऱ्यांना बंद असतात किंवा फार थोडी उघडतात. म्हणून कॅम्पसचं नाव नंतर, विषयाचं पान आधी वाचायचं. असिस्ट डॉट ऑर्ग म्हणून सरकारी साईट आहे. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या यूसीत कशाच्या बदल्यात धरतात, ते ओळीनं दिसतं. लेकीला एक दुपार त्या साईटवर बसवा, कन्सल्टंटच्या दहा बैठका वाचतील.

दुसरी, रहिवाशांची फी. एफ-१ म्हणजे विद्यार्थी-व्हिसावरचं पोर कॅलिफोर्नियात दोन वर्षं राहू दे नाहीतर पाच, फीच्या हिशेबात ते बाहेरचंच. ही थाप मी इथं राहून इतक्यांदा ऐकलीय की आता हसूही येत नाही.

तिसरी, पैसे. ढोबळ हिशेब मांडतो. कम्युनिटी कॉलेजची बाहेरच्यांची फी वर्षाला दहा-बारा हजार डॉलर, बे एरियात राहणं-खाणं-विमा वीस-एकवीस हजार. म्हणजे वर्षाला ३०-३३. पुढची दोन वर्षं यूसी: सगळं धरून ७५ च्या आसपास, आणि गरजेवर आधारित मदत यूसी परदेशी विद्यार्थ्यांना देत नाही. चार वर्षांची बेरीज २ लाख १० ते १६ हजार डॉलर. तुमचं सरकारी विद्यापीठ ४२ च्या चौपट, १ लाख ६८ हजार. 'स्वस्तातला पाथवे' तुम्हाला चाळीसेक लाखांनी महाग पडतोय. पहिली दोन वर्षं खिशाला बरी वाटतात, तिसऱ्या वर्षी घाम फुटतो, आणि तेव्हा मागं फिरता येत नाही.

कम्युनिटी कॉलेजमधून सॅन होजे स्टेटसारख्या सीएसयूत (कॅलिफोर्नियाची दुसरी सरकारी विद्यापीठं) गेलं तर हिशेब खूप खाली येतो. पण तुमच्या लेकीला गाजलेलं नाव हवंय, नाही का?

टिम_हॉर्टन_नको | १२ एप्रिल, दुपारी १:३०

कॅनडाचं मी सांगतो, सध्या व्हँकुव्हरजवळ. कन्सल्टंटची माहिती शिळी आहे. पूर्वी पोरं कॉलेजच्या नावानं येऊन इथं आल्यावर विद्यापीठ बदलायची, ऑनलाइन एक बदल टाकला की झालं. ८ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षणसंस्था बदलायची तर नवा स्टडी परमिट लागतो, म्हणजे प्रांताचं पत्र, पैशांचा पुरावा, पुन्हा वाट बघणं. परवानग्यांवर वरून मर्यादा आहेत त्या वेगळ्याच. १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला फी सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात.

ब्रिटिश कोलंबियात कॉलेजमधून विद्यापीठात क्रेडिट (शिकलेल्या विषयांचे गुणांक) नेण्याची व्यवस्था मात्र जुनी आणि पक्की आहे. बीसी ट्रान्स्फर गाइडवर विषयवार दिसतं. दोन वर्षं लँगारा किंवा डग्लसला करून यूबीसी, सायमन फ्रेझर या विद्यापीठांत जाणारी पोरं आहेत. पण सहा महिन्यांत उडी वगैरे विसरा.

मेलबर्नी | १२ एप्रिल, दुपारी २:०५

ऑस्ट्रेलियाचं कुणी काढलं नाही म्हणून थोडक्यात. इथं डिप्लोमा मार्ग आहे. मोनॅश कॉलेजचा डिप्लोमा पास झाला की मोनॅशच्या दुसऱ्या वर्षात, किती गुण हवेत ते ऑफर लेटरमध्येच लिहिलेलं. चालतो हा मार्ग, कारण दोन्हीकडचं कागदावर असतं. पण फी पहिल्या दिवसापासून जवळजवळ विद्यापीठाएवढीच, आणि १ जुलै २०२५ पासून नुसती व्हिसा फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. बारावीला बरे गुण असलेल्या पोरीला डिप्लोमा कशाला? थेट पहिल्या वर्षाला प्रवेश मिळेल.

उद्यमनगरी | १२ एप्रिल, रात्री ८:४०

सगळ्यांचे आभार. बे_एरियाकर, तुमची बेरीज बायकोला दाखवली. कॅलिफोर्निया बंद.

आता मामाचा मुद्दा. केआयटी किंवा डी. वाय. पाटील कॉलेजला एक वर्ष, मग ट्रान्स्फर. मामाचं म्हणणं, एक वर्षाचे तीस-पस्तीस लाख वाचतील, पोरगी आणखी थोडी मोठी होईल. पटण्यासारखं वाटतं.

गडहिंग्लजची | १२ एप्रिल, रात्री १०:२२

काका, मी नेमकं हेच केलंय, म्हणून सविस्तर लिहिते. पहिलं वर्ष इकडच्या एका संलग्न इंजिनिअरिंग कॉलेजात, मग अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात ट्रान्स्फर. तिकडं पोचले त्याचा आनंद आहे. पण वर्ष 'वाचतं' हे विसरा.

तिकडं अर्ज मार्चच्या आसपास बंद होतात. आपल्याकडं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष प्रवेशफेऱ्या संपून सुरू व्हायलाच ऑगस्ट-सप्टेंबर. म्हणजे अर्ज करताना हातात एका सेमिस्टरचा निकाल, तोही वेळेत लागला तर. त्यामुळं ते बघतात काय? दहावी-बारावी आणि एसएटी ही प्रवेशपरीक्षा. ज्या कागदांवर यंदा वेटलिस्ट मिळाली, त्याच कागदांवर पुढच्या वर्षी पुन्हा निकाल लागणार, फक्त वर एक गुणपत्रिका जास्त.

मग क्रेडिट. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम द्यावा लागतो, कुठला धडा, किती तास, कुठलं पुस्तक. कॉलेजचा शिक्का, विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट, त्यावर कोर्स-बाय-कोर्स मूल्यमापन. इतकं करून माझं गणित धरलं, केमिस्ट्री धरली. ग्राफिक्स, वर्कशॉप, कम्युनिकेशन स्किल्स, एन्व्हायर्नमेंट, सगळं 'जनरल इलेक्टिव्ह'मध्ये गेलं. म्हणजे क्रेडिट मिळालं पण डिग्रीच्या कामाला आलं नाही. ग्रेड तर येतच नाहीत, फक्त क्रेडिट येतं, जीपीए (ग्रेडची सरासरी) शून्यापासून. वर्कशॉपमध्ये फायलिंग करकरून हाताला घट्टे पडले होते, त्याचं तिकडं कुणाला काही नाही!

सगळ्यात महत्त्वाचं, ज्यामुळं माझ्या घरच्यांचं गणित बिघडलं. बारावीनंतर पदवीसाठी कॉलेजात नाव घातलं की बहुतेक ठिकाणी तुम्ही 'फ्रेशमन' (पहिल्या वर्षाचा नवा विद्यार्थी) राहत नाही, 'ट्रान्स्फर' होता. नवागतांच्या मोठ्या स्कॉलरशिप बहुतेक फ्रेशमनसाठी असतात. तुमच्या लेकीला आज मिळालेली स्कॉलरशिप पुढच्या वर्षी ट्रान्स्फर म्हणून मिळेलच असं नाही. इथं नाव घालून ते अर्जात लपवायचा सल्लाही काही जण देतात. तसलं काही करू नका, शिकलेल्या सगळ्या संस्था सांगाव्याच लागतात, नंतर सापडलं तर प्रवेश जातो.

खडूफळा | १२ एप्रिल, रात्री १०:५०

गडहिंग्लजची, फार मोलाचं लिहिलंस. यात एक जोडतो. वर्ष थांबायचंच असेल तर कुठंही नाव न घालता गॅप घेऊन पुन्हा फ्रेशमन म्हणून अर्ज करणं हा स्वच्छ पर्याय आहे. इंजिनिअरिंगला नाव घालून अर्धवट सोडण्यापेक्षा कधीही बरा.

फाउंड्रीवाला_शिरोली | १३ एप्रिल, सकाळी ६:५५

राम राम. तुम्ही कारण देऊन लिवा म्हणालाय, म्हणून लिवतो.

दीड कोटी. तुमच्या मशीन शॉपला दोन नव्या व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन) बसत्यात त्यात, कर्जाबिगर. पोरगी हुशार हाय म्हणताय, मग हितं चार वर्षं इंजिनिअरिंग करू दे, सात-आठ लाखांत डिग्री हुतीय. मग एमएसला पाठवा. दोन वर्षांचा खर्च, तवर पोरगी एकवीस-बावीसची. माझा पुतण्या तसाच गेला, आज बरं चाललंय. शिक्का शेवटी शेवटच्या डिग्रीचाच बसतोय. पहिल्या डिग्रीचं विद्यापीठ इचारतंय कोण?

बे_एरियाकर | १३ एप्रिल, सकाळी ९:१०

फाउंड्रीवाला, एमएसचा मार्ग मीही केलाय, त्याला नावं ठेवणार नाही. पण तुलना सरळ नाही. मीच त्या वाटेनं आलो म्हणून सांगतो: माझ्या बॅचमधली पोरं अमेरिकेत बॅचलर केलेल्यांबरोबर पहिल्या सेमिस्टरला बसली तेव्हा प्रोजेक्ट कसा मांडायचा, प्रोफेसरला प्रश्न कसा विचारायचा, इथपासून शिकत होती. चार वर्षांत तिकडं जे अंगात मुरतं ते दोन वर्षांत मुरत नाही. त्याची किंमत एक कोटी आहे का, हा प्रश्न मात्र तुमचा बरोबर आहे. माझ्याकडं त्याचं उत्तर नाही, आणि ज्याच्याकडं ठाम उत्तर आहे त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

राजर्षींची_पेठ | १३ एप्रिल, सकाळी ११:३५

विषय पैशाकडं वळलाय म्हणून. परदेशी शिकायच्या सरकारी शिष्यवृत्त्यांबद्दल घरोघरी गैरसमज आहे. समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मिळते, पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. सारथीची (मराठा-कुणबी समाजासाठीची सरकारी संस्था) महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे, तीही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच. बारावीनंतरच्या बॅचलरला यातलं काही लागू होत नाही. म्हणजे फाउंड्रीवाल्यांच्या बाजूनं हा एक मुद्दा: एमएसला जाताना काही घरांना ही दारं उघडतात.

अवांतर: बाबासाहेबांचं लंडनचं शिक्षण १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळं मधेच तुटलं. पण परत येऊन पुरं करायला चार वर्षांची मुभा त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. १९२० मध्ये शाहू महाराजांच्या मदतीसह पैसे उभे करून ते पुन्हा लंडनला गेले, १९२३ मध्ये डीएस्सी झाले. धाग्याशी संबंध एवढाच की गॅप घ्यायचा विचार पक्का झाला तर मिळालेल्या जागेबद्दल 'एक वर्षानं येऊ का' असं विचारून उत्तर लेखी घ्या. काही विद्यापीठं जागा राखतात, स्कॉलरशिप राखतीलच असं नाही. दोन्ही वेगवेगळं विचारा.

तारण_गहाण | १३ एप्रिल, दुपारी ४:१५

बँकेतून निवृत्त, शैक्षणिक कर्जं हाताखालून गेली आहेत. कागलच्या जमिनीवर फार विसंबू नका. सातबारा कितीही देखणा असो, शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. एनए प्लॉट, फ्लॅट, घर किंवा मुदत ठेव लागते. राजारामपुरी, शाहूपुरीत घर स्वतःच्या नावावर असेल तर काम सोपं. वाडवडिलांच्या नावावर, चार भावांत असेल तर वारसनोंदीपासून सुरुवात करा, आणि ती उद्याच करा.

ट्रान्स्फरचा बेत असणाऱ्यांनी हे वाचाच: कर्जमंजुरी एका विद्यापीठाच्या, एका अभ्यासक्रमाच्या नावानं होते. मधेच विद्यापीठ बदललं की नवं मंजुरीपत्र, वाढीव रक्कम असेल तर वाढीव तारण. ४२ हजारांवरून पोरगी ८० हजारांच्या ठिकाणी गेली तर बँक आपोआप मागून येत नाही.

पैसे पाठवताना: १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर त्यापुढंही नाही. कापला गेला तरी रिटर्नमध्ये मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. कर्जाच्या व्याजावरची आयकरातली सूट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई) आठ वर्षं मिळते, फक्त जुन्या करपद्धतीत. तुमच्या सीएला विचारा कुठली पद्धत धरलीय.

तांबडा_पांढरा | १३ एप्रिल, दुपारी ४:३२

आरएसीची उपमा मागं घेतली. लई शिकायला मिळालं इथं.

उद्यमनगरी | १३ एप्रिल, रात्री ९:३०

घर आईच्या नावावर आहे, आई आहे, त्यामुळं ते सुटेल. मामाला गडहिंग्लजची यांची पोस्ट वाचून दाखवली, तो गप्प झाला. (हे वर्षातून एकदा होतं.)

आता उरलं लेकीचं म्हणणं. सरकारी विद्यापीठात जाते, वर्षानं गाजलेल्या ठिकाणी ट्रान्स्फर घेते. ती आता स्वतःच लिहितेय, आयडी माझाच.

काकालोक, मी बोलतेय. माझं म्हणणं असं की अमेरिकेच्या आत कॉलेज बदलणं सोपं असतं, नवा व्हिसापण लागत नाही. आणि कॉर्नेल तर ट्रान्स्फरची ऑफरच देतं असं वाचलं. मग एक वर्ष मन लावून चांगला जीपीए आणला तर का नाही जमणार? मला त्या सरकारी विद्यापीठाबद्दल वाईट काही म्हणायचं नाही, पण चार वर्षं तिथंच असं धरून जायला मन होत नाही.

गडहिंग्लजची | १३ एप्रिल, रात्री १०:१२

अगं, प्रामाणिकपणे लिहिलंस ते बरं केलंस. कॉर्नेलचं खरं आहे. पण ती ऑफर ते काही निवडक अर्जदारांना निकालाच्या वेळी आपणहून देतात: एक वर्ष दुसरीकडं, अमुक विषय, अमुक ग्रेड, मग दुसऱ्या वर्षाला ये. तुझ्या हातात तसं पत्र आहे का? नसेल तर तू मोकळ्या मैदानात. प्रिन्स्टननं १९९० ते २०१८ ट्रान्स्फर घेणंच बंद ठेवलं होतं, आणि आता घेतात तेही मूठभर, त्यात कम्युनिटी कॉलेज आणि सैन्यातून आलेल्यांवर भर. परदेशी ट्रान्स्फर विद्यार्थ्याला मदत तर आणखी दुर्मीळ. बाबांचे ३५ लाख धरून सांग, मदतीशिवाय तू त्यातल्या किती ठिकाणी जाऊ शकशील?

व्हिसाचं तुझं बरोबर आहे. जुनं कॉलेज सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) रेकॉर्ड सोडतं, नवं आय-२० देतं, व्हिसाची मुदत असेल तर पुन्हा मुलाखत नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं एक प्रस्ताव आणला, त्यात एफ-१ च्या विद्यार्थ्यांनी पहिलं वर्ष मूळ संस्थेतच पुरं करावं असंही आहे. त्यावर नजर ठेव.

आणि एक स्वानुभव. जे पहिल्या दिवसापासून 'मी इथं राहणार नाही' म्हणत आले, ते क्लबमध्ये गेले नाहीत, प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना गेले नाहीत, रूममेटशीही जेवढ्यास तेवढं. मार्चमध्ये ट्रान्स्फरच्या अर्जाला प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं. ओळखच नाही, तर देणार कोण?

बे_एरियाकर | १४ एप्रिल, सकाळी ८:२५

लेकीला उद्देशून. त्या सरकारी विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्सचा अभ्यासक्रम उघड. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विषय बघ, कोण शिकवतं, त्यांचं संशोधन कशावर आहे, अंडरग्रॅज्युएटला लॅबमध्ये घेतात का ते बघ. प्रवेश थेट कॉम्प्युटर सायन्सला आहे की 'प्री-मेजर' (आधी तात्पुरता, विषय नंतर पक्का) आहे, हेही बघ. प्री-मेजर असेल तर वर्षअखेरीस आतल्या आतही एक चाळणी असते. मिडवेस्टमधली काही सरकारी विद्यापीठं या विषयात भल्याभल्या खासगींच्या पुढं आहेत. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेनचं नाव इथं कुणालाही विचार. तुझं ते आहे की दुसरं, मला माहीत नाही, पण गाजलेलं नाव आणि चांगला विभाग या दोन गोष्टी दरवेळी एकाच पत्त्यावर राहत नाहीत.

फाउंड्रीवाला_शिरोली | १४ एप्रिल, सकाळी ८:५०

ह्ये पटलं. माझ्याकडं पण मोठ्या नावाची मशीन हाय, काम बारकी करतीय.

उद्यमनगरी | १६ एप्रिल, रात्री ९:०५

दोन दिवस लेक अभ्यासक्रम उघडून बसली होती. प्रवेश थेट विभागात आहे, प्री-मेजर नाही. तिथल्या एका प्राध्यापिकेचं काम भारतीय भाषांच्या संगणकीय प्रक्रियेवर आहे, हे तिला आत्ता कळलं. काल त्यांना ईमेल केली, आज उत्तरही आलं, तीन ओळींचं. त्या तीन ओळी घरात सगळ्यांना वाचून दाखवून झाल्यात.

तर ठरलं असं: डिपॉझिट तिथंच. वेटलिस्टला पत्र पाठवलंय, खडूफळा सरांनी सांगितलं तसं एका पानात. मदतीशिवाय नाव आलं तर जायचं नाही, हे तिनंच ठरवलं. ट्रान्स्फरचा विषय तिनं सोडला की नाही, माहीत नाही. मी विचारत नाही.

४२ हजार म्हणजे माझ्या ३५ लाखांच्या थोडं वरच जातं. ते बघू. तारण_गहाण, आईच्या सहीसाठी काय काय लागेल ते तुम्हाला व्यक्तिगत निरोपात विचारतो.

गडहिंग्लजची | १६ एप्रिल, रात्री ९:४०

मस्त! काका, डिपॉझिट भरायच्या आधी एक करा. स्कॉलरशिपचं पत्र काढून दर वर्षी नूतनीकरणाची अट वाचा. जीपीए किती टिकवायचा ते असतंच, पण क्रेडिट किती ते बघा. एफ-१ साठी सेमिस्टरला १२ क्रेडिट पुरतात. काही स्कॉलरशिपना वर्षाला ३० लागतात, म्हणजे सेमिस्टरला १५. पहिल्याच सेमिस्टरला एक विषय सोडला तर व्हिसा शाबूत, स्कॉलरशिप गेली, असं होऊ शकतं.

उद्यमनगरी | १६ एप्रिल, रात्री ९:५८

काढलं. जीपीए ३, आणि खाली बारीक अक्षरात वर्षाला ३० क्रेडिट. बारावीच्या गुणांवर तिकडं काही क्रेडिट आधीच मिळतात का, आणि ती या ३० मध्ये धरतात का, हे आज रात्रीच मेल करून विचारायला लावतो. त्यांची आत्ता सकाळ आहे.